पळणं सोडल्यावर

४ नोव्हेंबर ९६, कुंडल
शालन माहेरी गेली, कडेगावला. आमटीत मीठ कमी म्हणून काल मी ताट भिरकावलं. एस्टीत चढताना एवढंच बोलली, "इतकी वर्सं वाट बघितली ती ह्यासाठी व्हय?" फौजेतून पेन्शनीवर येऊन सहा महिने झाले. बायको गेली, तरी उठावंसं वाटत नाही.

७ नोव्हें.
साताऱ्याला डॉ.ना दाखवलं. झोप नाही, चव नाही, कशात जीव नाही. फौजेत रोज काय करायचात, म्हणाले. पहाटे पळणं, दंड, दोरावर चढणं, कवायत घेणाऱ्या उस्तादाला मनात शिव्या. आणि आता? म्हटलं, आराम! परत पळालो तर मिशी उतरवीन, शपथच घेतलीय. हसले. म्हणाले, जोरात पळलं की मेंदूत काही द्रव्यं सुटतात, मन वर येतं. तुम्ही एकदम तोडलंत. पळून बघा, महिन्यानं या. गरज पडली तर गोळ्या देऊ.
म्हणजे सरकार इतकी वर्षं फुकट औषध पाजत होतं. बोंबला!

८ नोव्हें.
शपथ मोडली, मिशी ठेवली. ओढ्यापर्यंतच. छाती फुटायची वेळ. गणपा न्हावी ओरडला, "हवालदार, कुत्रं लागलंय का वं मागं?" ओकलो. फायदा काही नाही.

१७ नोव्हें.
पायात गोळे. तरी गेलो. चढ संपला, धापा टाकत बांधावर उभा राहिलो आणि उगाच हसू आलं. येडा झालो काय! घरी पिठलं केलं, करपलं, तरी दोनदा घेतलं. दुपारनंतर परत तेच मळभ.

२६ नोव्हें.
तापानं खाडा. लगेच चिडचिड. दूधवाल्यावर खेकसलो. मग त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. हे नवीन.

८ डिसें., कडेगाव
उजाडता निघालो. चढाला चाललो, बाकी पळत. घामानं निथळत सासऱ्यांच्या दारात. सासूबाई घाबरल्या, "कोन गेलं का काय वं?"
"कोन न्हाई मामी. मीच आलोय."
शालननं पाणी दिलं. चुकलो म्हटलं. डॉ.चं सांगितलं, बांधावरच्या हसण्याचं पण. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "आज बरं हाय. उद्या पाय मोडला, पळायचं ऱ्हायलं, मग वं?"
"ठाऊक न्हाई," म्हटलं. "पर तवा आधी तुला सांगीन."
"बगू," म्हणाली. येते म्हणाली नाही. वाटीत तेल घेऊन माझे पाय चोळायला बसली, आणि मला मामींच्या देखत रडू फुटलं.