साहेबांनी दिलेल्या दोन कुंड्या

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (नमस्कार म्हणजे नमस्कारच. हल्ली सांगावं लागतं.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? मागे तू 'बरं चाललंय' एवढंच लिहिलं होतंस. बरं म्हणजे नक्की किती बरं, ते सविस्तर लिही. माझा कुठल्याच गोड शब्दावर आता विश्वास राहिलेला नाही, आणि त्याला कारण आमचे नवे साहेब.

हा माणूस कारखान्यात आला आणि साधं बोलणं बंदच झालं बघ. कँटीनला कुलूप ठोकलं, तर पाटी लागली, 'घरच्या डब्याला प्रोत्साहन'. गोदामाचं छत गळायला लागलं, तर म्हणे तिथे 'सुधारणेला वाव' आहे. (तो वाव माझ्या टेबलावर टपटपत होता. बेअरिंगच्या खोक्यांवर मी घरची छत्री धरून बसलो.) कुणाला कामावरून काढलं, असं तर चुकूनही म्हणायचं नाही. सोमवारच्या बैठकीत त्याला पुढे बोलवायचं, तोंड भरून कौतुक करायचं, टाळ्या वाजवायच्या आणि हातात रोपट्याची कुंडी द्यायची, 'पुढच्या वाटचालीसाठी'. संध्याकाळपर्यंत त्याची खुर्ची गायब! हिशेबनीस गेला, लेथवाला गेला, रंगारी तर कुंडी बघूनच रडायला लागला. तेव्हापासून कुणी 'शाब्बास' म्हटलं तरी आम्ही आधी आपली खुर्ची जागेवर आहे का ते बघतो.

परवा सोमवारी मला पुढे बोलावलं. अठरा वर्षं गोदामाचा कणा, निष्ठा, वगैरे वगैरे. टाळ्या झाल्या. कुंडी आली. ताई, डोकंच फिरलं माझं. घरी दोन पोरं, आणि हा मला रोपटं देऊन हाकलतोय! म्हटलं, जायचंच आहे तर बोलून जाऊ. मग काय काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. 'कुजक्या मालाला अत्तर लावून किती दिवस विकणार?' हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. तेवढ्यात टायपिस्टबाईंनी हळूच एक कागद पुढे सरकवला. मला गोदामप्रमुख केलं होतं गं! कुंडी नव्या केबिनच्या खिडकीत ठेवायला होती. एवढ्या दिवसांत साहेबांनी एकदाच खरं कौतुक केलं, आणि नेमकं तेच मी खोटं धरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब रागावले नाहीत, तिथेच मला घाम फुटला. 'तुमच्या मोकळेपणाचा आम्हाला आदर वाटतो,' म्हणाले, आणि संध्याकाळी दुसरी कुंडी आली.

घरी तुझी भावजय मात्र शांत आहे. झालं ते झालं, म्हणते. (यातही मला कसलातरी वास येतोय.) बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. आम्ही चौघं चार दिवस हवापालटाला तुमच्याकडे यावं म्हणतोय. पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले बरोबर आणतोच.

आणखी ता. क. भावोजींच्या छापखान्यात कागदाचं गोदाम सांभाळायला माणूस हवा होता ना? मी किल्ल्या आपटणार नाही.

शेवटचा ता. क. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, 'घर तुझंच आहे, केव्हाही ये.' ते साध्या भाषेत लिहिलं होतंस ना? उलट टपाली नुसतं 'ये' लिही. कौतुक मात्र करू नकोस.