काठीशेजारी उभी

सोमवार, ७ ऑक्टोबर

पोचले एकदाची! एक बस, मग दुसरी बस, मग उद्यानाची खडखडणारी जीप, आणि फाटकाशी ताई उभी. दोन वर्षांनी भेटलो. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली की शिडी अजून वाढतेच आहे वाटतं. घरात मला शिडीच म्हणतात. अकरा वर्षांनी धाकटी असून तिच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, त्याला मी काय करणार?

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर वेणी घालण्यापासून कॉलेजचे फॉर्म भरण्यापर्यंत माझं सगळं ताईनंच केलं. त्यामुळे विमा कचेरीतली माझी नोकरी गेल्यावर तिचा फोन आला की इकडे ये, मला मदतनीस हवी आहे, तेव्हा मी पुढचं काही विचारलंच नाही. ताई म्हणाली म्हणजे झालं.

राहायला तिच्याच क्वार्टरमधली मागची खोली. खाट, टेबल, आरसा, खिडकीतून रोपवाटिकेचं हिरवं जाळीचं छप्पर. ही वहीसुद्धा तिनंच दिली. रोज लिहीत जा म्हणाली, बघायची सवय लागते. भाऊजींचा विषय मी काढला नाही. दोन वर्षांपूर्वी ते निघून गेले ते गेलेच. उगाच खपली कशाला काढा.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

कामाला सुरुवात. उद्यानाच्या या टोकाला पूर्वी दगडाची खाण होती. खाण बंद पडली, पण जमीन तशीच बोडकी राहिली. तिथे पुन्हा रान उभं करायचं, यासाठी ताई दहा वर्षं झटते आहे. जमिनीचे तीन तुकडे पाडलेत. पहिल्यात आता इतकी दाट झाडी आहे की मोठे पाहुणे आले की त्यांना आधी तिकडे नेतात. दुसऱ्यात कुठे कुठे झुडपं. तिसरा माझा. तो पार टकला आहे.

सकाळी आठला जायचं. एक मीटरची लाकडी चौकट जमिनीवर ठेवायची, आतली जिवंत रोपं मोजायची, सळई खुपसून ओलावा बघायचा, परकं तण दिसलं की मुळासकट उपटायचं. शेवटी फोटो. तो रोज एकाच जागेवरून हवा, म्हणून दोन खुंट्या ठोकल्यात. एका खुंटीशी कॅमेरा घेऊन ताई, दुसरीशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दोन मीटरची काठी धरून मी. शेजारी माणूस असला की फोटो बघणाऱ्याला झाडांच्या उंचीचा अंदाज येतो. ताईनं माझी उंची रजिस्टरात लिहिली, एकशे बहात्तर सेंटिमीटर. म्हणाली की हे एकदाच लिहावं लागतं.

तिसऱ्या तुकड्यात चपला-बूट बंद. तळाला चिकटून तणाचं बी आत येतं म्हणे. पाय घासून धुवायचे आणि अनवाणी शिरायचं. नव्याकोऱ्या सतरंजीवर पाऊल ठेवताना होतं तसं मला अवघडल्यासारखं झालं. माती मात्र कोमट आणि मऊ होती.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

माझ्या पायगुणाचा विजय असो! मंगळवारी चौकटीत चार रोपं होती, आज एकोणीस. रोपवाटिकेतल्या काकूंना सांगायला धावत गेले. काकू इथली रोपं वाढवतात, बोलतात कमी. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं आणि पिशव्यांत माती भरत राहिल्या. असतो एकेकाचा स्वभाव.

ताई मात्र इतकी खूश झाली की मला मिठीच मारली. याआधी तिनं कधी मिठी मारल्याचं मला तर आठवतच नाही. संध्याकाळी तिनं माझ्या केसांना तेल लावून दिलं. तळवे जरा खाजतात. अनवाणी चालायची सवय नाही, दुसरं काय.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सत्तेचाळीस रोपं! गंमत अशी की सगळ्यात दाट कोंब मी फोटोसाठी उभी राहते त्या खुंटीभोवती आहेत. बाकीचे माझ्या पावलांच्या ठशांतून आलेत, अगदी एकामागे एक. मी ताईला म्हटलं की मला तुकडाभर नाचूच दे, काम लवकर उरकेल. ती हसली नाही. रोज ठरल्या जागी, ठरल्या वेळी, एवढंच म्हणाली.

तिची माया मात्र उतू चालली आहे. पायजमे चिखलात लोळतात म्हणून काल तिनं माझे चारही पायजमे घेतले आणि खालून दुमडून टीप घालून दिले. मी म्हटलं, धुऊन कापड सैल झालं असेल. तीही म्हणाली, झालं असेल.

शनिवार, १९ ऑक्टोबर

कितीतरी दिवसांनी मला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटतंय. कचेरीत तीन वर्षं कागद इकडून तिकडे सरकवले, इथे पंधरवड्यात जमीन हिरवी केली. ताईला मी सांगूनच टाकलं की आता मला हाकललंस तरी जायची नाही. तिचे डोळे भरून आले. माझेही.

आज टॉवेलची खुंटी खालच्या बाजूला दिसली. भिंतीत जुन्या खुंटीचं भोक वर तसंच आहे. आरसाही खाली आलाय. विचारलं, तर ताई म्हणाली की भिंतीला ओल होती.

तळव्यांना बारीक पांढरे तंतू चिकटतात. घासून निघत नाहीत. ओढले की दुखतं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला गेले आणि हात पोचेना. मी! जिनं उभा जन्म दुसऱ्यांना डबे काढून दिले! टाचा उंचावल्या तरी पोचेना. मागे ताई उभी होती. तिनं हात लांब करून डबा काढून दिला.

आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. आमचे खांदे एका रेषेत होते.

मी डबा घेऊन खोलीत आले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

ताई पाहुण्यांना घेऊन पहिल्या तुकड्याकडे गेली होती. मी पायजम्याची शिवण उसवली. एक दुमड. तिच्या आत दुसरी. तिच्या आत तिसरी. प्रत्येकीचा दोरा वेगळा. म्हणजे मी झोपले की ती रोज थोडं थोडं—

तशीच उठून काठी भिंतीला उभी केली, पाठ टेकली, डोक्यावर ही वही सपाट धरून खूण केली. एकशे एकावन्न. पुन्हा केली. एकशे एकावन्न.

मग साठवणीची खोली उघडली. रजिस्टर मिळालं. एकदाच लिहावी लागते म्हणाली होती ना? रोज लिहिली आहे. एकशे बहात्तर, एकशे एकाहत्तर, एकशे सत्तर. तिच्या त्या गोल, सुबक अक्षरात, ज्या अक्षरात ती माझ्या वह्यांवर माझं नाव घालून द्यायची. उंचीच्या शेजारी रोपांचा आकडा. एक उतरतो तसा दुसरा चढतो.

खाली पहिल्या तुकड्याचा अल्बम होता. उघडायला नको होता.

भाऊजी. काठी धरून, हसत, अनवाणी. पुढच्या फोटोत थोडे बुटके. त्याच्या पुढच्यात काठीच्या मध्यावर डोकं. तेव्हा हसत नव्हते. मग कोवळ्या रोपांतून वर आलेला नुसता चेहरा. मग काठी आणि रोपं.

ज्या महिन्यात हे फोटो काढले त्याच महिन्यात ते सोडून गेले म्हणून ती फोनवर रडत होती. मी रात्र रात्र तिची समजूत घालत होते.

रविवार, २७ ऑक्टोबर

ताईनं नाकारलं नाही. मला वाटलं होतं, निदान खोटं तरी बोलेल. तिनं चहा टाकला, समोर बसली आणि नव्या मदतनिसाला काम समजावून सांगतात तसं सांगत गेली.

मजूर लावून पाहिले होते. तळवे खाजायला लागले की पळून जातात. दुसरा तुकडा म्हणून अर्धवट राहिला. परकं माणूस सांगितलेल्या जागी उभं राहत नाही, घरचं राहतं. भाऊजींसाठी ती खरंच रडली होती, त्यात खोटं काही नाही. या वर्षी तिसरा तुकडा हिरवा दिसला नाही तर उद्यान बंद होणार, सगळं रान सपाट करून तिथे गोदामं उठणार. दहा वर्षं पाण्यात जाणार.

मी विचारलं की मीच का? तिनं शांतपणे विचारलं, तुझं तिकडे असं काय चाललं होतं?

तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. म्हणजे फोन करायच्या आधी तिनं हिशोब केला होता. धाकटीकडे नोकरी नाही, संसार नाही, हिच्यावाचून कुणाचं काय अडणार? मी मात्र आनंदानं बॅग भरत होते.

केसांना तेल लावताना ती काय विचार करत असेल?

सोमवार, २८ ऑक्टोबर

पहाटे निघाले. बुटांत पाय सैल, म्हणून फडकी कोंबली. मातीच्या वाटेवर ठीक. डांबरी रस्ता लागला आणि तळव्यांना तव्यावर ठेवल्यासारखं— दहा पावलं. अकरावं टाकता येईना. रांगत रोपवाटिकेत शिरले.

काकूंना सगळं सांगितलं, पाया पडले. त्यांनी बूट काढले, सावलीत बसवलं, झारीनं पायांवर पाणी घातलं. इतकं बरं वाटलं की मला हुंदका फुटला. काकू म्हणाल्या की थोडा वेळ अशीच बस बाळा, मी गाडीची व्यवस्था करते.

आत जाऊन त्यांनी ताईला फोन केला. मी ऐकत होते. म्हणाल्या की रोप सुकायच्या आत घेऊन जा.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

एकशे बावीस. आता ती लपवत नाही. आकडा मोठ्यानं सांगते.

दाराला बाहेरून कुलूप नाही. नुसती वरची कडी लावते, ती दारावरच्या झरोक्यातून हात घालून काढता येते. माझा हात पोचत नाही. टेबल तिनं नेलं. खाट खिळवून ठेवली आहे.

वही राहू दिली. म्हणाली की लिही, तळव्यांना काय वाटतं ते नीट लिही. आधी कुणी लिहिलं नाही. पुढे उपयोगी पडेल.

पुढे म्हणजे कुणाला?

बुधवार, ३० ऑक्टोबर

मी नाही लिहिणार तळव्यांचं.

ओरडले. पाहुणे खिडकीखालून जात होते. कुणीतरी विचारलं, लहान मूल रडतंय का? ताई म्हणाली, हो, बहिणीचं आहे. हट्टी आहे फार.

सगळे हसले—

गुरुवार, ३१

ब्याण्णव. जेवण नको वाटतं. नुसतं पाणी.

तिचा राग राग करायला बसते आणि मध्येच— ती आली का, दाराकडे बघते. याचीच लाज वाटते. सहा वर्षांची होते तेव्हापासून तिच्याशिवाय दुसरं कुणी—

तिला हे माहीत होतं. म्हणूनच तर मला—

शुक्रवार

ताईनं आज मला कडेवर घेतलं. तिसऱ्या तुकड्यापर्यंत कडेवर. मी तिला मारलं, चावले. ती थोपटत राहिली. मग मी दमले आणि मान तिच्या खांद्यावर टाकली. माझी मीच. आपोआप.

खुंटीशी उतरवलं. पाय लगेच धरले मातीनं. ती कॅमेऱ्याकडे चालली आहे. वही हातात आहे, पटकन लिहिते— हे वाचणाऱ्या, तू तिची कुणी असशील, तुलाही तिनं प्रेमानं बोलावलं असेल, तर—

ती वळली. रडते आहे. खरंच रडते आहे. एका हातानं डोळे पुसते, दुसऱ्यानं भिंग नीट करते. मी म्हटलं, ताई, घरी ने मला. म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. ती म्हणते, सरळ उभी राहा, काठी तिरपी होतेय.

गुडघे दिसत नाहीत. दुखत नाही, ऊब आहे, तेच वाईट— लिहू नकोस आता म्हणते, मान वर कर म्हणते, माझ्याकडे बघ—

मी नाही बघणार. या वेळी नाही. मी तिच्याकडे मुळीच—

हाक मारली तिनं. माझ्या खऱ्या नावानं. शिडी नाही, खऱ्या ना

मी बघि