गुरूचा मोजा

सोमवार, ३ फेब्रुवारी
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. लकव्याच्या पेशंटांचं हे केंद्र छोटंसं, पण खिडक्या मोठ्या आणि चहा चांगला. माझ्याकडे हातांचा विभाग. तिथे यंत्राचे दोन मोजे आहेत, डाव्या-उजव्या कुठल्याही हातात चढणारे. पेशंटच्या चांगल्या हातात ‘गुरू’, लुळ्या हातात ‘चेला’. गुरू जे करेल तेच चेला लुळ्या बोटांकडून करवून घेतो. नावं सफाईच्या मावशींची; त्या फरशी पुसता पुसता सगळ्यांनाच नावं ठेवतात.
खरं तर ही नोकरी मी बाबांसाठी धरली. उद्या त्यांनाही आणणार.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
बाबांचा डावा हात गुरूत बसेना. सुतारकामात त्याची तीन बोटं करवतीने नेलेली. उजव्याने मात्र आईमागे मला भरवलं, वेण्या घातल्या, वाढवलं. तोच आता मांडीवर नुसता पडून असतो. बघवत नाही.
केंद्राच्या मोठ्या बाईंनी बजावलंय, गुरूत दुसऱ्या कुणाचा हात घालायचा नाही. का, ते त्यांनाही सांगता येईना. त्या जेवायला गेल्यावर बाबांच्या उजव्या हातात चेला चढवला आणि गुरूत मी माझा उजवा हात घातला. बाबांची मूठ वळली. आम्ही दोघंही रडलो.

सोमवार, १० फेब्रुवारी
बाबांनी मोज्याशिवाय पेला उचलला! माझ्या हाताला मुंग्या येतात. दमणूक असेल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
घाबरले की अंगठ्याने बोटांची टोकं मोजायची, ही माझी लहानपणापासूनची खोड. आज बाबांना डुलकी लागली होती आणि त्यांचा उजवा हात मांडीवर बोटं मोजत होता.
मीही मोजायला गेले. माझा अंगठा करंगळीपर्यंत पोचेना.

शनिवार, १५ फेब्रुवारी
मोजे कपाटात कोंडले. तरी बाबांचा हात सुधारतोच आहे, आणि माझ्या हातून पेन –

सोमवार, १७ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. इस्त्रीने उजवा भाजला, मला वास आल्यावर कळलं. ओरडले ते बाहेरच्या खोलीतले बाबा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
सगळं सांगितलं. बाबांनी स्वतःच उजव्या हातात गुरू चढवला, माझ्या उजव्यात चेला. म्हणाले, तुझं तू परत घे. दोन तास बसलो. काही नाही. त्यांचे डोळे –

गुरुवार, २० फेब्रुवारी
डाव्यालाही मुंग्या. बाबा म्हणतात, नसलेली तीन बोटं खाजतायत –
माझा उजवा हात त्यांनी हातात घेतलाय. चोळतायत. विचारलं, “कळतंय का गं, पोरी?”
मी हो म्हटलं. किती खूश झाले. आणि मला काहीच –