काकवीचा डबा

तिलक नगर, जयपूर
१२ जानेवारी २०२५

चि. मुरलीधर यास विमलअक्काचा आशीर्वाद. वि. वि.

तुझा काकवीचा डबा पुन्हा आला. नको म्हणून फोनवर बजावलं होतं, तू हसण्यावारी नेलंस. म्हणून आता कागदावर लिहिते. कागदापुढे हसून बघ.

मिताली सोळाची झाली आणि वजनात माझ्याही पुढे गेली. मानेमागे काळा पट्टा आला, मी मळ समजून घासत बसले. आदर्श नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मळ नाही हा, साखर अंगात नीट जिरत नाही त्याची खूण आहे. लिव्हरवर चरबीही धरलीय. या वयात. मी साखर बंद केली, कोपऱ्यावरच्या भैयाला सांगून ठेवलं की हिला घेवर न् थंडा देऊ नको. आणि ही बया बाजरीच्या रोटीवर वाटीभर काकवी ओतते. विचारलं तर म्हणते, मामा म्हणाला केमिकल नाही, मतलब औषधच. डॉक्टरीणबाईंना विचारून आले. गूळ काय, काकवी काय, पोटात गेली की साखरच.

मी चौथी शिकलेली, माझं कोण ऐकतंय. तुझं ऐकते. तूच तिला लिही.

वीणाला आशीर्वाद. माया आहे तेवढी पुरे, डब्यात भरून पाठवू नकोस.

तुझी अक्का


कराड
२१ जानेवारी

ती. अक्कास मुरलीधरचा सा. न.

गुऱ्हाळ जोरात आहे, उकळत्या रसाच्या काहिलीपुढून उठायला फुरसत नाही. तुमच्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, एकदा येऊन ताजा रस पिऊन बघा. मी दिवसभर पाक चाखतो, उतरवायची वेळ जिभेलाच कळते. मला काय झालंय? उलट यंदा वजन उतरलं, वीणा म्हणते बारीक झालात. तहान तेवढी फार लागते, धगीने असेल. अंगठ्याला दिवाळीत चप्पल चावली, ती जखम काही भरत नाही, हळद लावतोय.

मितालीला म्हणावं, मामाचा माल खा आणि गुटगुटीत राहा. भाऊजींना नमस्कार. राग उतरला की चार ओळी धाड.

तुझा मुरली


तिलक नगर, जयपूर
२७ जानेवारी

चि. मुरलीधर यास आशीर्वाद.

तुझं पत्र मितालीनेच वाचलं. अडखळत वाचते, पण अंगठ्यापाशी आली आणि थांबली. म्हणाली, मम्मी, तहान, वजन उतरणं, न भरणारी जखम, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी मलाही विचारलं होतं. मला यातलं काही नाही, मामाला सगळं आहे. त्या दिवशी तिने काकवी मागितली नाही. मला त्याचा आनंदही झाला नाही.

दमले रे मी. पोरीच्या मानेकडे बघू की तुझ्या पायाकडे? फोन केला तर तू काहिलीपाशी, म्हणून हे स्पीडपोस्टने धाडतेय. हे पोचेल त्याच्या दुसऱ्या सकाळी काही न खाता, पाक न चाखता दवाखान्यात जा. साखर तपासून घे, अंगठा उघडा करून दाखव. हळद बंद. गुऱ्हाळ एक दिवस वीणा बघेल, तुझ्यापेक्षा बरं बघेल.

बरा आहे, काळजी नको, असलं उत्तर मला चालणार नाही. तपासात काय निघालं ते रविवारपर्यंत, दोन तारखेला, फोन करून सांग. मला नाही, मितालीला सांग.

अक्का