रुद्रम्माचा डावा डोळा

मु. ईट, मार्गशीर्ष, फसली १३५३

सोलापूर मुक्कामी वडीलधारे मेहुणे महांतप्पा अण्णा यांस कल्याणप्पाचे शरणार्थ. तुमची, वहिनींची आणि तुमच्या गुडघ्यांची खुशाली कळवावी. इथं तुमची बहीण नीलम्मा ठणठणीत आहे. (आवाज वेशीपर्यंत जातो, त्यावरून सांगतो.)

लिहिण्याचं कारण तुमची भाची रुद्रम्मा. सात वर्षांची पोर, पण गावानं तिला संत करून टाकलं. आपण पूजेला बसलो की तळहातावरचं इष्टलिंग छातीसमोर धरून नजर लावतो. ही ते थेट नाकाला भिडवते आणि पापणी न हलवता बघत राहते. नीलम्माला भरून आलं. जंगमस्वामी म्हणाले, असलं ध्यान मोठ्यांनाबी जमत न्हाय. झालं! शेजारच्या शांताक्का नारळ घेऊन दर्शनाला हजर. त्यात पोरगी दुकानात आली आणि हरभऱ्याच्या पोत्याला वाकून 'शरणार्थ, काका' म्हणाली. (पोत्यावर माझा डोईचा रुमाल ठेवलेला होता.) बायका म्हणाल्या, हिला धान्यातबी शिव दिसतो. मीबी मान डोलावली, खोटं कशाला सांगू! नारळ आमच्याच दुकानातून जायचे आणि सांजेपर्यंत आमच्याच घरी यायचे.

मग शाळेत दौऱ्यावरचे डॉक्टर आले. मास्तरांची तक्रार होतीच, ही फळ्यावरचं सोडून शेजारणीच्या पाटीतलं उतरवते. डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावली आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, शेठ, पोरीला लांबचं दिसत नाही. उजवा डोळा चष्म्यानं सुधारेल, पण डावा काम सोडून बसलाय. आत्ताच चष्मा लावून, उजवा रोज थोडा वेळ झाकून डाव्याला राबवला नाही, तर तो कायमचा जाईल.

घरी सांगितलं तर नीलम्मा उसळली. ध्यानाला बसणाऱ्या पोरीला आंधळी म्हणता? चष्मेवालीला करून कोण घेईल? जंगमस्वामी भला माणूस, स्वतः येऊन म्हणाले, माझी समजूत चुकली, चष्मा लावा. तर ही म्हणते, स्वामींना मोह पडला. (कशाचा, ते सांगत न्हाय.) मी हात टेकले.

वहिनींना शरणार्थ, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
कल्याणप्पा

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो. सिद्धेश्वराच्या जत्रेला म्हणून भाचीला न्यायला तुम्ही स्वतः या. तुमचा शब्द नीलम्मा मोडत न्हाय. घरात डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढू नका. चष्मा पोरीला घालूनच परत आणा, हातात दिसला तर निजामाच्या हद्दीवरचे करोडगिरीवाले जकात मागतील.

आणखी एक. जत्रेपर्यंत थांबू नका. आत्ता पाकीट चिकटवायच्या आधी तिचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, समोर कोण हाय? लई वेळ बघून म्हणाली, 'आवाज अप्पांचा हाय.' म्हटलं, मग कधी बोलली कशी न्हाईस गं? तर म्हणे, 'सगळ्यांना असंच दिसतं न्हवं?' अण्णा, मिळेल त्या मोटारीनं या.