माझ्यामागे कासवं कुणी उचलायची

मी, श्रीमती शरयू गोपाळकृष्ण दातार, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. ज्यांनी आजवर दडपण आणून पाहिलं, त्यांना विचारावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे आधीचं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

प्रकृतीचा दाखला डॉ. प्रियदर्शनी थोरात हसत हसत देणार होती. पण ती पडली जनावरांची डॉक्टर. वकील म्हणाले, चालणार नाही. म्हणून गावातल्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे आणि प्रियदर्शनीला साक्षीदार केलं आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि मागचं परसू, माझा भाचा राजस मुकुल सोमण, राहणार सांगली, याला मिळावं. आम्हाला मूलबाळ झालं नाही आणि त्याचं दुःख उगाळत बसायला आम्हा दोघांनाही वेळ झाला नाही. राजस दर दिवाळीला येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "आत्या, कासवं काय म्हणतात?" एवढ्यावर घर दिलं, असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणू दे. अट एकच. परसातली जास्वंद आणि शेवगा तोडायचा नाही. त्यांचा पाला रस्त्यापलीकडे, ओंजळ लोकशिक्षण केंद्रात, कासवांना जातो.

२. बँकेतली ठेव केंद्राच्या प्रौढ साक्षरता वर्गाला द्यावी. तिथे मी सत्तावीस वर्षं शिकवलं. खडू चांगल्या प्रतीचे घ्यावेत. आत्ताचे फळ्यावर उमटण्याआधी हातात मोडतात.

३. यजमानांचं भिंग केंद्राच्या मुलांना. माझी जांभळी पैठणी शेजारच्या साळूबाईला. तिचा डोळा त्या पैठणीवर कधीपासून आहे, ते मला ठाऊक आहे. ती घेताना तिने एवढं आठवावं, की दसऱ्याला तिने मुकादमला पुरणपोळी चारली होती आणि तो तीन दिवस मान आत ओढून बसला होता. मुकादम म्हणजे आमचं थोरलं कासव. मी साळूबाईला क्षमा केलेली आहे, पण अजून पुरती नाही.

४. आता कासवं. एकूण पाच. मुकादम आणि चंद्री ही जमिनीवरची, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली. कुणीतरी नशीब उजळावं म्हणून बंगल्यात पाळली होती, ती वनखात्याने जप्त करून केंद्रात ठेवायला दिली. बाकीची तीन लाल कानांची, विदेशी, हौदात राहणारी. लोक बशीएवढी होईपर्यंत हौसेने पाळतात आणि मग केंद्राच्या फाटकाशी टबात ठेवून पळ काढतात. त्यांना कृष्णेत सोडून कुणी पुण्य जोडायला जाऊ नये. इथल्या कासवांच्या तोंडचा घास ती काढून घेतात.

ही कासवं माझ्या मालकीची नाहीत, तेव्हा मी ती कुणाला देऊ शकत नाही. देता येतं ते काम. वनखात्याच्या पत्रात देखभाल करणाराचं नाव असावं लागतं. आज तिथे माझं नाव आहे. माझ्यामागे दुसरं नाव लागलं नाही, तर खात्याची गाडी येईल आणि मुकादम, चंद्री कुठल्या कुठे जातील. हे मात्र माझ्याच्याने सहन होत नाही. केंद्राचे नवे अध्यक्ष ऋषिराज यांना त्याचं वाईट वाटणार नाही. "बाई, ही दिवसभर बसूनच असतात, कार्यक्रमाला काही शोभा नाही," असं म्हणून त्यांनी त्या जागेवर कारंजं काढलेला कागद मला दाखवला होता. बसून तर अध्यक्षही असतात. तसं मी त्यांना तोंडावर बोललेच आहे, त्यामुळे इथे नोंद करायला हरकत नाही.

५. कासवांच्या पाठीवर हळदकुंकू वाहू नये. देवळातलं कासव दगडाचं असतं, त्याला चालतं. आमच्या कासवांच्या डोळ्यांत जातं.

६. देखभालीचं काम श्री. कोंडीबा अर्जुना मासाळ यांनी पत्करावं, अशी माझी इच्छा आहे. "यांनी" हे कायद्यापुरतं. एरवी मी त्याला अरे-तुरे करते. मूळ आटपाडीकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. केंद्रात बावीस वर्षं राखणदार. दिवसभर तिथे असणारा तो एकटाच.

अडचण अशी, की कोंडीबा कासवांना हात लावत नाही. पाला तोच चिरतो, हौद तोच घासतो, पाणी तोच बदलतो. पण कासव उताणं पडलेलं दिसलं, की शेजारी उभा राहून हाका मारतो, "बाई! आवं बाई! मुकादम उताना पडलाय!" मग मी रस्ता ओलांडून जाते आणि सुलटं करते. एकदा डोक्याला शिकेकाई तशीच ठेवून गेले होते. म्हटलं, "उचल की रे मेल्या, हात आहेत ना तुला!" तर म्हणतो, "न्हाई बाई. तुमीच सांगितलंया." आणि मी तसं सांगितलं होतं, हे खरं आहे. आता माझ्याने खाली वाकवत नाही. मी नसताना भर उन्हात चंद्री उताणी पडली, तर हा समोर उभा राहून कुणाला हाक मारणार?

म्हणून जे बारा वर्षं बोलले नाही, ते लिहिते. माझं माहेर वाईचं. आमच्या विहिरीत कासव सोडलेलं असे. पाणी निर्मळ राहतं, असं जुनी माणसं मानत. त्यामुळे कासवाची जागा विहिरीत, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. सन २०१३च्या मे महिन्यात चांदण्यांचं एक तिसरं, सगळ्यात लहान कासव होतं. खुराड्याचा पत्रा तापून ते मलूल झालं. दुपारची वेळ, केंद्रात कुणी नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला पाणी हवंय. बादलीत घालून मी ते केंद्राच्या विहिरीत सोडलं. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. आयुष्यभर विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एवढं ठाऊक नव्हतं.

तासाभराने कोंडीबानेच विहिरीत उतरून ते वर काढलं. ते मेलं होतं. तेव्हाच्या विश्वस्तांनी विचारलं, कसं पडलं? आणि माझ्या तोंडून गेलं, "कोंडीबाने दार उघडं टाकलं असणार." वर आवाज चढवून मीच त्याला म्हणाले, "आजपासून कासवांना हात लावायचा नाही." त्याला लेखी समज मिळाली. ती फाईलमध्ये आजही आहे. तो एक अक्षर बोलला नाही. मी भित्री आणि खोटी वागले. सबब ती समज रद्द करावी, हे कलम केंद्राच्या सभेत मोठ्याने वाचावं, आणि कोंडीबाने मोठ्या मनाने कासवं उचलायला लागावं.

७. हे लिहून चहा टाकायला उठले, तोच कोंडीबा जास्वंदीचा पाला न्यायला आला. त्याला अक्षरओळख मीच करून दिली, प्रौढ वर्गात. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, सहावं कलम वाच. तो शब्दाखाली बोट धरून वाचतो. "विहिरीत" या शब्दाशी अडला. मी सांगितला नाही. त्याचं वाचून होईपर्यंत चहा गार झाला. मला रडू आलं, ते लपवत नाही.

कागद खाली ठेवून म्हणाला, "ह्ये मला ठावं हुतं, बाई. बादली वली हुती, आन्‌ तुमच्या पातळाचा काठ बी."

"अरे मग बोलला का नाहीस?"

"तुमी लय रडत हुता. म्हनलं, आनि आपुन काय बोलायचं."

"आणि हात न लावणं? तो राग ना?"

"व्हय, राग हुताच की. म्हनलं, ज्यांनी बंदी घातली त्यांनीच उठवावी. तुमी कवा उठिवताय, ते बघत हुतो."

मी म्हटलं, आता लिहून ठेवलंय, माझ्यामागे सगळ्यांना कळेल. त्यावर तो उखडलाच. "मेल्यावर कशाला? तुमच्या तेराव्याला उचलू व्हय मी कासवं? चला, उठा."

मला हाताला धरून त्याने रस्ता ओलांडून नेलं. मुकादमला दोन्ही हातांनी उचललं, कोकरू उचलावं तसं, आणि जरा तोलून म्हणाला, "वजन उतरलंया बाई. तुमाला कळलं न्हाई." मला खरंच कळलं नव्हतं. मग त्याने चंद्रीला उचललं, तिची नखं पाहिली, आणि मी बारा वर्षं काय काय चुकीचं करत आले, ते सांगायला सुरुवात केली. मी बाकावर बसून ऐकून घेतलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलेलं नाही.

तेव्हा कलम सहामधलं काम आजपासूनच कोंडीबाकडे गेलं आहे. ते मृत्युपत्राने देण्यासारखं आता उरलेलं नाही. सोमवारी वनखात्याकडे नाव बदलण्याचा अर्ज जाईल. कलमातली कबुली मात्र खोडू नये. ती सभेत मीच वाचेन. तोवर मी गेलेच, तर प्रियदर्शनीने वाचावी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझाच आहे, आणि माझी कुणाबद्दलही तक्रार उरलेली नाही. साळूबाईचं पाहू.

ठिकाण: उंब्रज
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२५

(सही) शरयू गोपाळकृष्ण दातार

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली:
१. (सही) डॉ. प्रियदर्शनी थोरात, मलकापूर
२. (सही) हरणाबाई विठोबा जगदाळे, उंब्रज, प्रौढ वर्गाची माजी विद्यार्थिनी

साक्षीदार म्हणून नव्हे, स्वतःच्या आग्रहावरून, स्वतःच्या अक्षरात:
कलम सहा वाचले. बाई चुकल्या ते खरे हाय. समज फाडा. कासवे माझ्याकडे हायत.
(सही) कोंडीबा अर्जुना मासाळ