सात ते सातची खोली

२ सप्टेंबर, सोमवार
पोचले एकदाची! दोन विमानं, एक बस आणि शेवटी पाच मजले जिना. लिफ्ट आहे, पण ती बंदच असते म्हणे. बॅग वर ओढताना बाबा आठवले. एवढी पुस्तकं कशाला, म्हणून मी निघेपर्यंत ते कुरकुरत होते.

खोली मिळाली हेच नशीब. या शहरातली भाडी ऐकून घेरी येते, म्हणून माझ्यासारख्यांनी अर्धी खोली घ्यायची. अर्धी म्हणजे मध्ये पडदा लावून नव्हे, घड्याळ लावून. संध्याकाळी सात ते सकाळी सात माझी. उरलेले बारा तास दुसऱ्या एका मुलीची, ती रात्रभर मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. पलंग एक, गादी एक, चादरी आपापल्या. मालकीणबाई म्हणाल्या की तुमची गाठच पडायची नाही, तेव्हा भांडायचा प्रश्नच नाही. मला हसू आलं. आईला फोनवर सांगितलं तर ती काही हसली नाही. कुणाच्या अंथरुणात झोपतेस गं, म्हणाली. मी म्हटलं, एका सत्राचा तर प्रश्न. इथली एक मुलगी आमच्या विद्यापीठात गेलीय, मी इथे आलेय. सगळी अदलाबदलच आहे, त्यात पलंगाचीही!

६ सप्टेंबर, शुक्रवार
प्रयोगशाळा झकास आहे. मातीचे नमुने वाळवायचे, चाळायचे, तोलायचे आणि डबीवर चिठ्ठी चिकटवायची. मार्गदर्शक बाई मोजकं बोलतात, पण माझं अक्षर त्यांना आवडलं.

खोलीतल्या त्या मुलीचं मी नाव ठेवलंय दिवसपाळी, खोलीची दिवसाची पाळी तिची म्हणून. बिचारी नीटनेटकी आहे. आरशाखाली कंगवा, दाराशी चपला, कपाटात निळा गणवेश. मी सातला येते तेव्हा गादी अजून कोमट असते. आधी कसंसंच वाटलं, पण थंडीत पाय गारठून आल्यावर बरंच वाटतं की.

१९ सप्टेंबर, गुरुवार
झोप भरपूर होते, तरी सकाळी अंग आंबलेलं असतं. पोटऱ्या तर अशा दुखतात की जणू रात्रभर उभीच होते. मार्गदर्शक बाई म्हणाल्या की नव्या हवेचं असं होतंच, पंधरा दिवसांत सवय होईल. मला येऊन सतरा दिवस झाले हे मी त्यांना सांगितलं नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार
आज चार डब्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या. बाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. बोटांना भेगा पडल्यात, सोड्यात हात घातल्यासारख्या. मी हातमोजे घालूनच काम करते. मग हे कशानं?

संध्याकाळी आईचा फोन आला. फार खुशीत होती. म्हणाली, काल दुपारी तू किती छान बोललीस गं, चेहऱ्यावर तेज आलंय, झोप मानवलीय तुला. काल दुपारी मी माती चाळत होते. फोन विसरले म्हणून दिवसभर खोलीतच पडला होता. आईला म्हटलं, तू परवाचं बोलतेयस. ती म्हणाली, मला काय भ्रम झालाय?

११ ऑक्टोबर, शुक्रवार
फोन आता जवळच ठेवते. तरी आई म्हणते की आपण रोज दुपारी बोलतो. खोलीतल्या नंबरावरून. खोलीत फोनच नाही.

दुसरी खोली शोधली. सत्र अर्ध्यावर आलं, आता कुठे काही मिळायचं नाही, असं विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली. मी त्या खुर्चीतच झोपले. त्यांनी हलवून उठवलं, तेव्हा लाज वाटायलासुद्धा त्राण नव्हतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
जमिनीवर अंथरूण घातलं. गादीला शिवायचंच नाही असं ठरवलं. सकाळी जाग आली ती पलंगावर. पांघरूण गळ्यापर्यंत नीट ओढलेलं, लहान मुलाला पांघरावं तसं.

२१ ऑक्टोबर, सोमवार
आज ठरवलं, तिला बघायचंच. सकाळी सातला बाहेर पडले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. ती आली की सरळ विचारणार होते, माझ्या आईशी तू का बोलतेस?

डोळे उघडले तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते. मी पायरीवरच. हात मनगटापर्यंत ओले.

मालकीणबाई म्हणाल्या की ती सकाळी तुझ्या अंगावरूनच आत गेली. मी तुला उठवणार होते, पण तीच म्हणाली, राहू दे, दमलीय बिचारी.

मी विचारलं, दिसते कशी ती? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, थट्टा पुरे.

३० ऑक्टोबर, बुधवार
आता हिशेब लागतो. ती झोपते ती झोप माझी. मी झोपते तेव्हा राबते ती मी. तिचा थकवा गादीत राहतो — मी त्यावर पडते —

कुणाला सांगू? आईला सांगायला गेले, तर ती म्हणाली, दुपारी बोलू गं, दुपारी तुझा आवाज कसा मोकळा असतो. आत्ता चिडचिड करतेस.

आईला ती जास्त आवडते.

६ नोव्हेंबर, बुधवार
प्रयोगशाळेचं दार माझ्या कार्डानं उघडलं नाही. रखवालदारानं कार्डावरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. म्हणाला, हे तुमचं नाही. मी म्हटलं, नीट बघा. त्यानं नीट बघितलं. कार्ड ठेवून घेतलं.

मार्गदर्शक बाई शेजारून गेल्या. मी हाक मारली. थांबल्या, हसल्या — वाट विचारणाऱ्या परक्या माणसाशी हसावं तशा.

९ नोव्हेंबर, शनिवार
बॅग नाही. पुस्तकं नाहीत. फोन नाही. पासपोर्ट —

ही वही गादीखाली होती म्हणून राहिली.

मालकीणबाई म्हणाल्या, ती शिकणारी मुलगी परवाच गेली की. घरची ओढ लागली म्हणे, सत्र अर्धंच सोडलं. जाताना तुझी फार चौकशी करत होती. आता पूर्ण खोली तुझीच, दिवसाही आणि रात्रीही.

मी म्हटलं, ती मीच आहे. बाईंनी कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मायेनं. गणवेश इस्त्री करून दाराला अडकवलाय त्यांनी.

१० नोव्हेंबर, रविवार
बाईंच्या फोनवरून घरी लावला. आईनंच उचलला. म्हटलं, आई, मी बोलतेय.

ती म्हणाली, कोण आपण?

आपण. मला.

नाव सांगितलं. ती हसली. अहो, ती तर आत झोपलीय, कालच आली. तुम्ही तिच्या खोलीतल्या का? — मी म्हटलं, आई, माझ्या गुडघ्यावरची खूण, तू हळद दाबून धरली होतीस, मी तुझ्या दंडाला चावले होते — ती म्हणाली, हे पण सांगितलं वाटतं तिनं तुम्हाला? गोष्टीवेल्हाळ आहे. तुमचा आवाज फार दमलेला वाटतो हो. जपा तब्येतीला.

मी रडत होते. तिला ऐकू येत होतं. तिनं ठेवला नाही, एवढं खरं.

मग म्हणाली, थांबा, उठलीच बघा.

पलीकडून माझाच आवाज. ताजा, झोपेतून उठलेला. अगदी हळू तिनं विचारलं — आता तरी झोप लागते का गं?

ओरडायचं होतं. आईला सांगायचं होतं, दार लावून घे, ती — तोंड उघडलं. जांभई आली. नुसती जांभई — आणि मागून आई, ठेव गं तो फोन, चल, पड जरा, तू अजून पुरती —